अर्ज आणि अदब

उर्दूत ‘सवाल’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक प्रश्न आणि दुसरा याचना. वर्गात हात वर करून विचारणारा सवाल करतो आणि मशिदीच्या पायरीवर हात पसरणाराही सवालीच. मराठीत येताना या शब्दाने दुसरा अर्थ बहुतेक मागे ठेवला. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळांतली मुले मात्र दोन्ही अर्थ दप्तरात घेऊन येतात. म्हणूनच की काय, स्वतःसाठी काही मागणे त्यांना हात पसरल्यासारखे वाटते. फळ्यावरचे दिसत नाही हे न सांगता वर्षभर शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणारी मुले आम्ही शिक्षकांनी पाहिली आहेत. शौचालयाच्या दाराला कडी नाही म्हणून घरी जाईपर्यंत पाण्याचा घोट न घेणाऱ्या मुली पाहिल्या आहेत. विचारावे तर उत्तर ठरलेले, ‘कुछ नहीं टीचर.’

मोठ्यांसमोर जबान उघडायची नाही, हे आपल्या घरांत लहानपणीच शिकवले जाते. गप्प मूल ते शरीफ मूल. या शिकवणीत चांगलेही काही आहे. आपल्या आधी दुसऱ्याचे पाहावे, थोडक्यात भागवावे, सब्र करावा, हे संस्कार टाकून देण्यासारखे नाहीत. मग स्वतःच्या गरजेसाठी बोलणे हा स्वार्थ ठरतो का?

आम्हाला तसे वाटत नाही. सब्र हा जे आपल्या हाती नाही त्यासाठी असतो. आजार, मृत्यू, दुष्काळ ही आजमाइश म्हणता येईल. तुटलेली कडी ही आजमाइश नव्हे. ती सुताराचे अर्ध्या तासाचे काम आहे. शिवाय आपण हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क, याविषयी जुम्म्याच्या बयानात पुष्कळ ऐकतो. ते हक्क ज्याचे त्यानेच माफ करायचे असतात. मुलाला फळा दिसणे हा त्याचा शिक्षकावरचा हक्क आहे. तो त्याने सांगितलाच नाही, तर शिक्षक नकळत देणेकरीच राहतो. म्हणजे बोलणारे मूल स्वतःचे काम तर करतेच, समोरच्यालाही त्याच्या जबाबदारीतून सुटायला मदत करते. यात बेअदबी कुठे आली?

सूरह ताहा मधला हजरत मूसा (अ.) यांचा प्रसंग आपल्या मुलांना पाठ असतो, पण तो या दृष्टीने कोणी समजावत नाही. फिरऔनकडे जाण्याचा हुकूम झाला तेव्हा त्यांनी आधी स्वतःची अडचण मांडली. जिभेची गाठ सुटावी म्हणजे लोकांना माझे बोलणे समजेल, आणि भाऊ हारून यांना सोबतीला द्यावे, अशी दुआ केली. काय कमी आहे, काय हवे आणि कशासाठी हवे, तिन्ही गोष्टी त्यात आल्या. ती मान्य झाली. त्याच सूरहमध्ये पुढे त्या दोघांना फिरऔनशी नरमाईने बोलण्याची सूचना आहे. अडखळत बोलणारे मूल प्रत्येक शाळेत एखादे तरी असते. त्याला ‘बस, बैठ जाओ’ म्हणण्यापूर्वी आम्ही शिक्षकांनी हा प्रसंग आठवावा.

हजरत खौला यांची गोष्ट याहून धीट आहे. नवऱ्याने ‘तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी’ म्हणून जुन्या अरबी रिवाजाप्रमाणे त्यांना अधांतरी सोडले. त्या थेट पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांच्याकडे गेल्या आणि आपले गाऱ्हाणे लावून धरले. त्यावर आयती उतरल्या, तो रिवाज निषिद्ध ठरला, आणि ५८ व्या सूरहला नावच वाद घालणाऱ्या स्त्रीवरून ‘अल्-मुजादिला’ असे पडले. आपल्या मुलींना हे नाव माहीत असते. त्याचा अर्थ किती जणींना माहीत असतो?

आता अदबीची दुसरी बाजू. अदब नेहमी दुबळ्याकडूनच का मागितली जाते? एखादी मुलगी चार वेळा हळू सांगते, पाचव्या वेळी तिचा आवाज चढतो. मग चर्चा तिच्या आवाजाची होते, कडी राहते बाजूला. ‘नीट बोल, मग ऐकतो’ हे वाक्य न ऐकण्याची सोय म्हणूनही वापरता येते, आणि आमच्या पेशात ते बरेच वापरले जाते. आम्ही मुलांना नरमाईने बोलायला जरूर शिकवावे. पण चढ्या आवाजातली खरी गोष्ट ही खरीच असते, हे शिक्षकालाही कोणी शिकवायला हवे. बी.एड.च्या वर्गात प्रश्न कसे विचारावेत यावर पाठ होते. विद्यार्थ्याची तक्रार कशी ऐकावी यावर आम्हाला एकही आठवत नाही.

आणखी एक अडचण आपल्या मुलांची खास आहे. घरी ‘आप’ म्हणणारे मूल बँकेत किंवा तहसील कचेरीत मराठी बोलताना सहज ‘तू’ म्हणून जाते. त्याच्या मनात अपमान नसतो. रस्त्यावरून उचललेली मराठी तेवढीच असते. कारकून चिडतो, मूल गप्प होते, दाखला राहून जातो. ‘साहेब, तुम्ही जरा बघता का?’ एवढे वाक्य सहज तोंडी यायला मराठीच्या तासाला बोलण्याचा सराव हवा. तो तास बहुधा स्वाध्याय उतरवण्यात जातो.

पत्रलेखनाचेही तेच. पाणीटंचाईबद्दल नगरपालिकेला तक्रार करणारे पत्र मुले परीक्षेत सफाईने लिहितात, आणि बाहेर येऊन कोरड्या नळाकडे पाहत घरी जातात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. पिण्याचे सुरक्षित पाणी आणि मुलामुलींसाठी वेगळी शौचालये प्रत्येक शाळेत असावीत, असे त्याच्या परिशिष्टात आहे. मुलाला मारण्याला आणि मानसिक छळाला कलम १७ ने मनाई आहे. हे वाचून दाखवले तेव्हा नववीचा वर्ग पहिल्यांदा शांत झाला, मग एक जण म्हणाला, ‘तो ये सच्ची में भेज सकते?’

उर्दूत बोलण्याची सर्वांत नम्र रीत म्हणजे ‘अर्ज करना’, आणि मराठीत अर्ज म्हणजे कचेरीत द्यायचा कागद. मुलांनी दोन्ही एकत्र केले. काय नाही, काय हवे, कायदा काय म्हणतो, आणि शेवटी ‘आपले आज्ञाधारक’. मुख्याध्यापकांमार्फत तो शाळा व्यवस्थापन समितीकडे गेला. पाण्याची टाकी दोन महिन्यांनी दुरुस्त झाली. कडी अजून लागलेली नाही. दुसऱ्या अर्जाचा मसुदा मुलींनी स्वतः लिहिला आहे. ‘आज्ञाधारक’ हा शब्द ठेवावा की काढावा, यावर सध्या त्यांच्यात वाद चालू आहे.