शेवटची तारीख

सतरा हजार पाचशे रुपये. २४ जून २०२४ ला संध्याकाळी पाचच्या आत एवढी रक्कम पोर्टलवर जमा झाली असती, तर मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाचं नाव सर्वोच्च न्यायालयाच्या फलकावर लागण्याचं काही कारण नव्हतं. दिल्लीपासून सव्वाशे किलोमीटरवरचा हा जिल्हा कागदोपत्री राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. मुलगा दलित, घर दारिद्र्यरेषेखालचं. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पार करून त्याला आयआयटी धनबादला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची जागा मिळाली होती. फी भरायला मुदत चार दिवसांची. सावकाराने कबूल केलेले पैसे ऐनवेळी दिले नाहीत, मग गावातल्या लोकांकडून गोळा करत करत पावणेपाचच्या सुमाराला रक्कम जमली. पोर्टल पाचला बंद झालं आणि जागा गेली.

बापाची मजुरी दिवसाला ४५० रुपये. म्हणजे मागितलेली रक्कम साधारण ३९ दिवसांच्या मजुरीएवढी, आणि ती चार दिवसांत उभी करायची. रोज काम मिळालं, घरात कोणी आजारी पडलं नाही आणि कोणी जेवलंही नाही, असं धरून केलेला हा हिशोब आहे.

गरीब घरात पैसा नसतो, असं आपण सरसकट म्हणतो. पण पैसा येत असतो. तो रोज येतो, थोडा येतो आणि संध्याकाळपर्यंत पीठ-मीठ-तेलात विरतो. विद्यापीठ मागतं ते मात्र एकरकमी, आणि तारखेला. मध्यमवर्गीय घरात या दोन गोष्टींमध्ये बँकेतली शिल्लक उभी असते, त्यामुळे शेवटची तारीख ही आपल्याला विसरू नये अशी एक नोंद वाटते, फार तर फोनवर लावलेली आठवण. ज्याच्या घरी शिल्लक नावाची वस्तूच नाही, त्याच्यासाठी ती दुसरी प्रवेश परीक्षा असते. तिचा अभ्यासक्रम कुठे छापलेला नसतो आणि ती द्यायला बाप जातो. उच्च शिक्षणातल्या गरिबीवर आपल्याकडे जेवढी चर्चा होते ती फी किती असावी यावर होते. कधी मागावी, हा प्रश्न कारकुनी म्हणून बाजूला पडतो. माझ्या मते निम्मी गळती याच कारकुनीत आहे.

त्या मुलाने अनुसूचित जाती आयोगाचं दार ठोठावलं, झारखंडच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला, त्या वर्षीची परीक्षा आयआयटी मद्रासने घेतली होती म्हणून मद्रास उच्च न्यायालयातही गेला. अखेर ३० सप्टेंबरला तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालचा विशेष अधिकार वापरून त्याच शाखेत एक जादा जागा निर्माण करायला लावली. कुणाची जागा काढून घेतली नाही. सुनावणीत प्रवेश यंत्रणेचं म्हणणं असं होतं की विद्यार्थ्याला वेळोवेळी सूचना गेल्या होत्या, मुदतीची कल्पना होती. हे म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि मला त्यातच खरी गोम दिसते. सूचना पुष्कळ पाठवता येतात. पैसे नसलेल्याला दहावी सूचना पाठवली म्हणून अकराव्या वेळी पैसे येत नाहीत. याआधी नोव्हेंबर २०२१ मध्येही न्या. चंद्रचूड यांच्याच पीठाने आयआयटी मुंबईतली एका दलित विद्यार्थ्याची जागा अशीच परत मिळवून दिली होती. तिथे कार्डावरून पैसे जाता जात नव्हते. दोन मुलांना न्याय मिळाला, आनंद आहे. पण फीच्या मुदतीसाठी घटनेतली असाधारण तरतूद वापरावी लागते, याची कुणाला फारशी लाज वाटल्याचं दिसलं नाही.

तारखेचा हा जाच दिल्लीतल्या कुणाला नीट कळला असेल, तर तो एका मराठी माणसाला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली कोलंबियाला गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. पुढे ते लंडनला पोचले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी प्रवेश घेतला, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. बुद्धीत किंवा मेहनतीत काही कमी पडलं म्हणून हे झालं नव्हतं. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली, म्हणून पुढचं जमलं. सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीतून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज जोडून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. त्या कथेतल्या जिद्दीवर आपण भरभरून बोलतो. लंडन विद्यापीठाने तारीख ताणली नसती तर त्या जिद्दीचं काय झालं असतं, यावर कोणी बोलत नाही.

हाच माणूस १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा मजूर सदस्य म्हणून दिल्लीत, पृथ्वीराज रोडवरच्या २२ क्रमांकाच्या बंगल्यात राहायला आला. त्यांच्या पाठपुराव्याने केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाखांची तरतूद केली, आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज देशातली ही या प्रकारची सर्वांत मोठी योजना. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी पाच वर्षांचा ५९,०४८ कोटींचा आराखडा मंजूर केला, त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के. रक्कम थोडी नाही. पण महाराष्ट्रातल्या कोणत्याही समाजकल्याण वसतिगृहात जाऊन विचारा, शिष्यवृत्ती किती मिळते यापेक्षा कधी मिळते याचीच तक्रार आधी ऐकायला मिळेल. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज ‘प्रलंबित’ आणि इकडे परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख आलेली. कधी कधी तर पैसे आले तेव्हा मुलगा वर्ग सोडून कुठल्यातरी गोदामात कामाला लागलेला असतो.

जवाहरलाल नेहरू विद्यापीठात २०१९ च्या शेवटी झालेलं फीवाढीचं आंदोलन बहुतेकांना आठवत असेल. एकट्याच्या खोलीचं भाडं महिना वीस रुपयांवरून सहाशे, दोघांच्या खोलीचं दहावरून तीनशे, शिवाय सेवाशुल्क सतराशे. टीव्हीवर मुख्यतः वीस रुपयांची चेष्टा झाली. आमच्याकडेही अनेकांनी ती मिटक्या मारत केली, त्यांपैकी काहींची स्वतःची मुलं सरकारी मेडिकल कॉलेजात जवळपास फुकट शिकून गेली होती. विद्यापीठाच्याच २०१७-१८ च्या वार्षिक अहवालानुसार त्या वर्षी प्रवेश घेतलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के मुलांच्या घरचं उत्पन्न महिना बारा हजारांच्या आत होतं. त्या फीवाढीत मला सर्वांत खुपलेली ओळ मात्र वेगळीच होती. मेसची अनामत साडेपाच हजारांवरून बारा हजार. अनामत परत मिळते, म्हणून हिशोब मांडणाऱ्याच्या लेखी तिचा खर्च शून्य. अर्थशास्त्रात हे बरोबरही असेल. पण पहिल्याच आठवड्यात बारा हजार रोख कुठून आणायचे, याला त्या शून्यात उत्तर नाही. अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे सुखदेव थोरात औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातून याच विद्यापीठात शिकायला आले, इथेच प्राध्यापक झाले आणि २००६ ते २०११ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष राहिले. तशी वाट चालणाऱ्यांना दारातच अडवायला बारा हजारांची अनामत पुरेशी आहे. आंदोलनानंतर ती पुन्हा साडेपाच हजारांवर आणली, हे सांगायला हवं.

आणि तरीही जेएनयू हा अपवाद. दिल्लीतला गरीब विद्यार्थी बहुसंख्येने तिथे भेटतच नाही. तो दिल्ली विद्यापीठाच्या १९६२ साली निघालेल्या पत्रद्वारा शिक्षण विभागात असतो, ज्याला आता स्कूल ऑफ ओपन लर्निंग म्हणतात, किंवा मैदान गढीच्या इग्नूमध्ये. आठवडाभर डिलिव्हरीची बाइक, नोएडातलं कॉल सेंटर, नाहीतर कपड्यांच्या कारखान्यातली पाळी, आणि रविवारी वर्ग. मुलींसाठी १९४३ पासून चालत आलेलं नॉन-कॉलेजिएट मंडळ आहे, त्याचेही वर्ग सुटीच्या दिवशी. २०१९ मध्ये जेएनयूचा सुरक्षारक्षक तिथलीच रशियन बीएची प्रवेश परीक्षा पास झाला, तेव्हा केवढ्या बातम्या आल्या! रविवारच्या वर्गातल्या लाखोंवर कोणी बातमी करत नाही, कारण त्यांच्या कथेत टाळ्यांची जागा नाही. कुठे राहून शिकायचं हा प्रश्न त्यांना सोडवावा लागत नाही, घर इथेच असतं. स्पर्धा परीक्षांसाठी बाहेरगावहून मुखर्जीनगर किंवा ओल्ड राजिंदरनगरला उतरणाऱ्या आपल्या मराठी पोरांना तो पहिल्याच दिवशी भेटतो: एक महिन्याचं भाडं, एक महिन्याची अनामत, दलालाची दलाली, सगळं किल्ली हातात पडण्याआधी.

यावर सरकारचं नवं उत्तर म्हणजे कर्ज. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक (सुरुवातीला ८६०) संस्थांतल्या विद्यार्थ्यांना विनातारण कर्ज मिळतं. चांगलं आहे, तारीख गाठायला उपयोगी पडेल. पण अशा कर्जाने तारीख फक्त चार-पाच वर्षं पुढे जाते आणि तेव्हा ती त्या मुलाच्या एकट्याच्या नावावर असते. भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत निराळी वाट काढली होती. मुलाने शेतात, बांधकामावर काम करायचं, त्या बदल्यात राहणं-जेवणं-शिक्षण. रोख रकमेचा आणि तारखेचा संबंधच तोडून टाकला. अर्थात बोर्डिंगात धान्य संपल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना दागिने मोडावे लागले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. उशीर कोणाला तरी सोसावाच लागतो, तिथे तो संस्थेने सोसला.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नव्या नियमांत फ्रीशिप कार्ड नावाची सोय आहे: पात्र मुलाने कार्ड दाखवावं, संस्थेने पैसे न घेता प्रवेश द्यावा, शिष्यवृत्ती खात्यात आली की मुलाने संस्थेला फी द्यावी. कल्पना अगदी योग्य आहे, उशिराचं ओझं ती मुलाकडून संस्थेकडे सरकवते. म्हणूनच संस्थांना ती आवडत नाही, आणि फलकावर ठळक अक्षरांत क्वचितच दिसते. उलट कितीतरी सवलत योजनांच्या अर्जाला आजही फी भरल्याची पावती जोडावी लागते. फी भरू न शकणाऱ्याने आधी फी भरून दाखवायची! केंद्रीय विद्यापीठांनी आणि आयआयटींनी जागावाटपाच्या पोर्टलवर जातीचा, उत्पन्नाचा दाखला आधीच घेतलेला असतो. त्याच पडद्यावर त्या मुलांपुढे ‘फी नंतर’ असा एक पर्याय ठेवायला कायद्यात बदल लागत नाही, संसदेत जावं लागत नाही. पोर्टल चालवणाऱ्या समितीची एक बैठक आणि एका प्रोग्रॅमरचं काही दिवसांचं काम, एवढ्यात ते होण्यासारखं आहे.