निश्चय आणि कृपा

पापाशी झुंजताना आपण बहुधा स्वतःच्या निश्चयावर भिस्त ठेवतो. दारू सोडण्याची शपथ घेतो. ती मोडली म्हणजे लाजेने उपासनेसही जात नाही.

१७२९ नंतरच्या वर्षांत ऑक्सफर्ड येथे जॉन वेस्ली नेमाने उपास करीत, बंदिवानांस भेटत, आपल्या वेळेचा काटेकोर हिशेब ठेवीत. तरी अंतःकरणास शांती नव्हती. २४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका सभेत रोमकरांस पत्रावरील लूथर यांची प्रस्तावना वाचली जात असता, आपले तारण केवळ ख्रिस्ताकडून आहे असा भरवसा त्यांस लाभला.

मग त्यांनी नेम टाकले काय? मुळीच नाही. प्रार्थना व दीनांची सेवा अखेरपर्यंत चालली. परंतु जे पूर्वी धास्तीने होई, ते आता उपकारस्मरणाने होऊ लागले. तोडलेल्या फांदीस कितीही पाणी शिंपडा, ती फळणार नाही. झाडास जडलेली फांदी मात्र ऋतू येताच फळते.

यास्तव, पडलेल्या बंधूपुढे आपण नियमांची यादी ठेवू नये. त्याचा हात धरून त्यास ख्रिस्ताकडे न्यावे. आणि जो पडला आहे, त्याने येत्या रविवारी उपासनेस अवश्य यावे.