दूर राहून शिकवता येते काय?

शिकवणारा आणि शिकणारा समोरासमोर नसतील, तर त्या व्यवहारास शिक्षण म्हणावे काय? हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आला, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो टपालाइतका जुना आहे. १८४० साली इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलेखन शिकवण्यास आरंभ केला. धडा जाई, विद्यार्थी तो लिहून पाठवी आणि चुका दुरुस्त होऊन तो परत येई. त्या परत येण्यातच खरे शिक्षण होते.

आपल्याकडेही हे अंतर तोडण्याचे थोर प्रयत्न झाले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणावर नेली. १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. शिक्षण अर्धवट सुटलेल्या प्रौढांना त्याने पदवीची वाट मोकळी केली. परंतु केवळ पुस्तके धाडून ते थांबले नाही. अभ्यासकेंद्रे उघडून तेथे शंका विचारण्याची सोय त्याने केली.

शास्त्रज्ञांनीही या प्रश्नाचा विचार केला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९५४ साली असे यंत्र पुढे आणले, की उत्तर बरोबर की चूक हे मुलाला तत्काळ कळावे. रशियाचे व्हिगॉट्स्की यांचे म्हणणे निराळे होते. मूल आज जे दुसऱ्याच्या साहाय्याने करते, ते उद्या स्वबळावर करू लागते. म्हणून जवळ कोणी जाणता हवा. पुढे मायकेल मूर यांनी सांगितले, की शिक्षणातील अंतर मैलांनी नव्हे, संवादाने मोजावे. या न्यायाने साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेले मूलही दूरस्थच ठरते.

हे सारे आम्ही वाचलेले होते. तरीही २०२० च्या टाळेबंदीत आमच्या हातून चूक घडलीच. शेलार येथील काही मुलांना आम्ही भ्रमणध्वनीवरून धडे पाठवीत असू. धडा पाहिल्याची खूण दिसली, की आम्ही समाधान पावत असू. पुढे एका घरी जाणे झाले. बाप यंत्रमागावर रात्रपाळी करणारा; घरातील एकुलता फोन त्याच्याबरोबरच जाई. सकाळी तो घरी येऊन झोपे, तेव्हा मुलगा धडे भराभर उघडून बंद करी. "फादर, मला पहिल्याच धड्यातलं कळलं नव्हतं. पण विचारायचं कोणाला?" असे तो म्हणाला. आम्ही निरुत्तर झालो. आमचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचत होता. त्याचा आमच्यापर्यंत पोहोचत नव्हता.

यंत्रास दोष देणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे नव्हे. यंत्राने धडा पोहोचवला. शंका ऐकण्याचे काम आमचे होते आणि ते आम्ही यंत्रावर सोपवले. पोहोचवणे म्हणजे शिकवणे नव्हे. ज्याची चूक कोणापर्यंतच पोहोचत नाही, ते मूल हाती फोन असूनही एकटेच असते.

आपल्या घरांत आज साधनांची वाण नाही. तेव्हा संध्याकाळी आपल्या किंवा शेजारच्या मुलाजवळ अर्धा तास बसावे आणि "आज काय शिकलास?" याऐवजी "आज काय कळलं नाही?" असे विचारावे. उत्तर आपणास ठाऊक नसले, तरी बिघडत नाही. दोघांनी मिळून ते शोधता येते.