ठरलेली शांतता

२ एप्रिल २०२२. गुढीपाडवा होता. मोहगावात गुढ्या उतरल्या होत्या, अंधार पडत होता आणि आभाळातून जळत्या तुकड्यांची रांग सावकाश सरकत गेली. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीला धातूचे भलेमोठे कडे पडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचे जाणकारांनी सांगितले. त्या आगीत कोणी माणूस नव्हता. पण अशाच आगीतून माणसे घरी येतात, हा विचार तेव्हापासून मनातून गेला नाही.

ताशी सत्तावीस-अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगाने येणारे यान पुढची हवा इतकी दाबते, की ती तापून तिच्यातले इलेक्ट्रॉन सुटे होतात. हा प्लाझ्मा. इलेक्ट्रॉनांची दाटी जितकी जास्त, तितकी अधिक कंप्रतेची रेडिओलहर अडते. दाटी चौपट झाली की अडण्याची मर्यादा दुप्पट होते. आमच्या लहानपणी रात्री शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन लागायचे, तेही आकाशातल्या सुट्या इलेक्ट्रॉनांनी लहरी परतवल्यामुळेच. तिकडे जो नियम दूरचा आवाज घरात आणतो, तोच इथे यानातला आवाज बाहेर पडू देत नाही. मला हे फार विलक्षण वाटते.

१५ जुलै २०२५ च्या दुपारी अंतराळवीर शुभांशु शुक्ला अंतराळातून परतले, तेव्हाही संपर्क काही मिनिटे तुटला. लखनौमध्ये त्यांचे आईवडील पडद्यासमोर होते. ही शांतता आधीच हिशेबात धरलेली असते. कोलंबिया या अमेरिकी स्पेस शटलचे तसे नव्हते. शटलच्या पाठीकडचा प्लाझ्मा विरळ असल्याने वरच्या उपग्रहामार्फत बोलता येई. म्हणूनच १ फेब्रुवारी २००३ ला ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातून पुन्हा पुन्हा हाका गेल्या आणि उत्तर आले नाही, तेव्हा ती शांतता प्लाझ्माच्या नावावर टाकण्याची सोय नव्हती. परतीच्या वाटेवर तुटलेल्या त्या यानात कल्पना चावला होत्या.

आता स्पेसएक्सच्या स्टारशिप यानाने मार्च २०२४ मध्ये उपग्रहांमार्फत परतीच्या आगीतूनही चित्रे पाठवली आहेत. ही वाट मोठी झाली पाहिजे. तोवर, आपल्या गगनयानातून माणसे परततील त्या दिवशी निवेदकाने एवढे करावे: संपर्क तुटण्याआधीच, साध्या मराठीत, तो किती वेळ तुटेल आणि का तुटेल ते सांगावे. घरच्यांना घड्याळाकडे बघता आले पाहिजे.