शेजारची शाळा कोणाची?

इंग्लंडमधील शाळांविषयीचा जुना वाद डिसेंबर 2024 मध्ये संसदेत मांडल्या गेलेल्या ‘बालकल्याण आणि शाळा’ विधेयकामुळे पुन्हा पेटला. वरवर पाहता हा वाद अकॅडमी शाळांच्या स्वातंत्र्याचा आहे. अकॅडमी म्हणजे स्थानिक नगरपालिकेच्या अखत्यारीतून बाहेर पडलेली, थेट केंद्र सरकारकडून पैसा घेणारी आणि बहुधा अनेक शाळा चालवणाऱ्या एखाद्या ट्रस्टच्या ताब्यातील शाळा. 2010 च्या अकॅडमी कायद्यानंतर अशा शाळा इतक्या वाढल्या की आज तेथील दर पाच माध्यमिक शाळांपैकी चार अकॅडमी आहेत. शिक्षकांचे वेतन आणि अभ्यासक्रमाची चौकट यांवरून चाललेल्या या भांडणाच्या तळाशी मात्र वेगळाच प्रश्न आहे: एका शहरातल्या वा जिल्ह्यातल्या शेकडो शाळा मिळून एखादा समान हेतू बाळगू शकतात काय, आणि वर्षानुवर्षे एकमेकींच्या आधाराने सुधारत राहू शकतात काय? 1988 च्या शिक्षण सुधारणा कायद्यापासून इंग्लंडमध्ये प्रबळ झालेल्या मताचे उत्तर नकारार्थी आहे. या मतानुसार पालक दुसरीकडे जातील या धाकाने शाळा सुधारते, निकालांच्या क्रमवारीतील घसरणीने जागी होते, आणि ‘सामायिक हेतू’ हा शिक्षणखात्यातील अधिकाऱ्यांनी स्वतःच्या खुर्च्या टिकवण्यासाठी काढलेला शब्द ठरतो. हे मत चूक आहे, आणि त्याच्या चुकीची किंमत सर्वांत दुबळ्या शाळांतील मुलांनी मोजली आहे.

या मताविरुद्ध नेहमी पुढे केला जाणारा पुरावा लंडनचा आहे. मध्य लंडनच्या शाळा एकत्र सांभाळणारे प्राधिकरण 1990 मध्ये बरखास्त झाले आणि शाळा बरोंकडे, म्हणजे महानगरातील वेगवेगळ्या नगरपालिकांकडे, वाटल्या गेल्या. पुढल्या दशकात राजधानीतील सरकारी शाळांची ख्याती इतकी घसरली की ऐपत असलेले पालक मुलांना घेऊन शहराबाहेर राहायला जाऊ लागले. 2003 मध्ये ‘लंडन चॅलेंज’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्या शैक्षणिक नेतृत्वासाठी बर्मिंगहॅमचे माजी शिक्षणाधिकारी टिम ब्रिगहाउस यांना आणले गेले. साउथवर्क, लॅम्बेथ, हॅकनी, इझलिंग्टन आणि हॅरिंगे या पाच बरोंवर विशेष भर होता. कार्यक्रमाचा गाभा दोन गोष्टींत होता. पहिली गोष्ट ‘शाळांची कुटुंबे’ ही: ज्यांची मुले सारख्या परिस्थितीतून येतात अशा शाळांचे गट पाडून त्यांचे निकाल शाळांच्या नावांसह एकमेकींपुढे ठेवले गेले, त्यामुळे ‘आमच्याकडची मुलेच अशी’ ही सबब उरली नाही, कारण तशाच मुलांना अधिक चांगले शिकवणारी शाळा त्याच पानावर दिसत होती. दुसरी गोष्ट मदतीची: चांगल्या शाळेचे अनुभवी मुख्याध्यापक अडचणीतल्या शाळेच्या मुख्याध्यापकाला बांधून दिले गेले, आणि शिक्षक एकमेकांच्या वर्गांत जाऊन बसू लागले. एका दशकात लंडनच्या गरीब मुलांचे निकाल देशातील इतर भागांच्या पुढे गेले.

2014 मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ सायमन बर्जेस यांनी या कथेवर घाव घातला. अकराव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंतच्या प्रगतीत लंडनची जी आघाडी दिसते ती मुलांची वांशिक पार्श्वभूमी हिशेबात घेतली की जवळजवळ नाहीशी होते, असे त्यांनी आकडेवारीने दाखवले. स्थलांतरित कुटुंबांतील मुले अधिक जिद्दीने शिकतात आणि लंडनमध्ये अशी मुले जास्त आहेत, एवढाच त्यांच्या मते त्या यशाचा खुलासा होता. स्पर्धावाद्यांनी हा निष्कर्ष हातोहात उचलला. शाळांनी एकत्र येऊन काही केले नाही, मुलेच चांगली मिळाली, असे सांगणे त्यांना सोयीचे होते.

बर्जेस यांचे गणित काळजीपूर्वक केलेले आहे, पण त्यातून काढला जाणारा अर्थ टिकत नाही. 1985 च्या स्वान समितीच्या अहवालाने बांगलादेशी कुटुंबांतील मुले इतरांच्या फार मागे असल्याचे चिंतेने नोंदवले होते, आणि या कुटुंबांची सर्वांत मोठी वस्ती असलेली टॉवर हॅम्लेट्स ही बरो 1997 मध्ये देशातील 149 शिक्षण प्राधिकरणांमध्ये अगदी शेवटच्या क्रमांकावर होती. त्याच समाजाची मुले आज राष्ट्रीय सरासरीच्या पुढे आहेत. वंश बदलला नाही, मग निकाल कशाने बदलला? इंग्रजी येणाऱ्या दुसऱ्या पिढीचा त्यात वाटा आहे हे मान्य करावेच लागते. तरीही जी जिद्द 1985 मध्ये गुणपत्रिकेत उतरत नव्हती ती पुढे उतरू लागली, तर मधल्या काळात शाळेत काय घडले हे विचारावे लागते, आणि ‘वांशिक पार्श्वभूमी’ हे त्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप मात्र असा परतवता येत नाही. त्याच वर्षी वित्तीय अभ्यास संस्थेच्या संशोधकांनी दाखवले की लंडनमधील गरीब मुलांच्या सुधारणेचा मोठा भाग ती माध्यमिक शाळेत येण्यापूर्वीच, प्राथमिक शाळेत, घडून गेला होता. लंडन चॅलेंज 2003 मध्ये माध्यमिक शाळांपासून सुरू झाला आणि प्राथमिक शाळांपर्यंत 2008 मध्ये पोहोचला; तेव्हा मुले अकराव्या वर्षीच पुढे असतील तर त्याचे श्रेय या कार्यक्रमाला देता येणार नाही. त्याच्या समर्थकांनी या मुद्द्याला बहुधा बगल दिली आहे, आणि ते योग्य नव्हे. येथे मूळ प्रतिपादनच बदलावे लागते: लंडन चॅलेंजने सामायिक हेतू निर्माण केला असे म्हणता येत नाही. 1990 च्या दशकात बरोंच्या शिक्षण कार्यालयांतून, 1998 च्या साक्षरता आणि 1999 च्या गणित मोहिमांतून, प्राथमिक शिक्षकांच्या नाव नसलेल्या रोजच्या कामातून जे रुजले होते, त्याला या कार्यक्रमाने माध्यमिक शाळांत वाट करून दिली. मोठ्या नावाच्या योजनेपेक्षा त्या आधीचे संथ काम महत्त्वाचे ठरते, आणि ते काम लंडनबाहेर, बर्मिंगहॅममध्ये, अधिक स्पष्ट दिसते.

ब्रिगहाउस 1993 मध्ये बर्मिंगहॅमचे शिक्षणाधिकारी झाले, तेव्हा चारशेहून अधिक शाळांचे ते शहर शिक्षणाच्या बाबतीत बदनाम होते. तत्कालीन शिक्षणमंत्र्यांनी एका सभेत त्यांच्याविषयी असभ्य उद्गार काढले. ब्रिगहाउस यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि 1994 मध्ये भरपाई मिळवली. पण 2002 पर्यंतच्या त्यांच्या कारकिर्दीचे खरे महत्त्व एका साध्या आग्रहात आहे: शाळेने शेजारच्या शाळेशी तुलना करून घाबरून न जाता, फुशारूनही न जाता, स्वतःच्याच आजवरच्या सर्वोत्तम कामगिरीच्या पुढे जावे. क्रमवारीत एक शाळा वर चढली की दुसरीला खाली यावेच लागते. स्वतःला मागे टाकण्याच्या मोजमापात साऱ्या शाळा एकाच वर्षी पुढे जाऊ शकतात, त्यामुळे आपली युक्ती शेजाऱ्याला सांगण्यात कोणाचे नुकसान होत नाही. सहकार्याची नैतिक शिकवण देण्यापूर्वी त्यांनी सहकार्य परवडेल असे मोजमाप दिले. त्याबरोबर त्यांनी समान शब्दसंपदा दिली: नेतृत्व, व्यवस्थापन, अध्यापन, एकत्रित परीक्षण, शिक्षकांची वाढ, शाळेचे वातावरण आणि पालकांचा सहभाग या सात प्रक्रियांच्या भाषेत कोणत्याही दोन शाळांचे शिक्षक एकमेकांशी बोलू शकत. आणि ते शिक्षकांना स्वहस्ते पत्रे लिहीत. वर्गात पाहिलेल्या एखाद्या चांगल्या गोष्टीबद्दल खुद्द शिक्षणाधिकाऱ्याचे पत्र आलेला शिक्षक ते जपून ठेवी, कारण आपले काम कोणीतरी नीट पाहिले हे त्याला त्यातून कळे.

वर्षानुवर्षे चालणाऱ्या अशा सुधारणेसाठी वापरला जाणारा ‘सातत्यपूर्ण सुधारणा’ हा शब्द उद्योगक्षेत्रातून आला आहे. 1950 मध्ये जपानी कारखानदारांना गुणवत्तेचे धडे देणाऱ्या एडवर्ड्स डेमिंग यांनी दोष कामगाराचा नसून बहुधा कामाच्या रचनेचा असतो असे सांगितले होते, आणि कामाच्या जागेवरून भीती हद्दपार करा असे बजावले होते. इंग्लंडने शब्द घेतला, भीती ठेवली. ऑफस्टेड ही शाळा तपासणारी यंत्रणा 1992 च्या कायद्याने आली आणि पुढे संपूर्ण शाळेला एका शब्दाचा शेरा देऊ लागली. रेडिंग येथील एका मुख्याध्यापिकेच्या आत्महत्येला तपासणीचाही हातभार लागल्याचा निष्कर्ष मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी डिसेंबर 2023 मध्ये नोंदवला, आणि सप्टेंबर 2024 मध्ये तो एका शब्दाचा शेरा रद्द झाला.

मराठी वाचकाला या साऱ्यात एक ओळखीची आकृती दिसायला हवी. 1964 ते 1966 या काळातील कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. त्या आयोगाने शाळा-संकुलाची कल्पना मांडली: एक माध्यमिक शाळा केंद्रस्थानी आणि परिसरातील प्राथमिक शाळा तिच्याशी जोडलेल्या, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय सामायिक, शिक्षक परस्परांच्या सल्ल्याला बांधलेले. एकाकी पडलेला प्राथमिक शिक्षक हा व्यवस्थेचा सर्वांत मोठा अपव्यय आहे, ही जाणीव त्या कल्पनेच्या मुळाशी आहे, आणि लंडनने जे 2003 मध्ये केले त्याची रूपरेषा तिच्यात जवळजवळ चार दशके आधी आढळते. महाराष्ट्रातील केंद्रशाळा, केंद्रप्रमुख आणि शिक्षकांच्या शिक्षण परिषदा ही तिचीच वंशावळ. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांचे वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले, तेव्हा ते कोणाच्या धाकाने गेले नव्हते; आपल्यासारख्याच शाळेत, आपल्यासारख्याच मुलांसोबत जे घडते आहे ते डोळ्यांनी पाहण्याची ओढ त्यांना होती. उलट 2023 मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा जो प्रस्ताव पुढे आला, त्यात शाळा जोडण्याचा अर्थ शाळा मिटवणे असा झाला. नाईकांच्या संकुलात लहान शाळा जिवंत राहते, म्हणूनच तिला शेजारीण लागते.

ही लहान शाळा जिवंत ठेवणारी जागा कोणती, हा इंग्लंडने टाळलेला प्रश्न आहे. लंडन चॅलेंज 2011 मध्ये गुंडाळला गेला, आणि मँचेस्टर व ब्लॅक कंट्री या भागांत 2008 मध्ये सुरू झालेले त्याचे भाऊबंदही त्याच वर्षी संपले. ते इतक्या सहज संपू शकले, कारण ते मंत्रालयाच्या निर्णयाने जन्मले होते आणि त्यांची मुळे नगरपालिकेत नव्हती. त्यांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी हे वैगुण्य कबूल करायला हवे. आता ट्रस्ट आपल्या शाळांत एकजूट घडवतात, आणि काही ती उत्तम रीतीने घडवतात. पण एका ट्रस्टची शाळा एका शहरात आणि दुसरी शंभर मैलांवर असते, तर रस्त्यापलीकडची शाळा दुसऱ्याच ट्रस्टची असते. ज्या मुलाला एका शाळेने काढून टाकले ते त्याच गल्लीत राहते, आणि ते आपले असे म्हणणारी शाळा सहसा उरत नाही. 2025 मध्ये सरकारने रखडलेल्या शाळांसाठी प्रादेशिक सुधारणा पथके नेमली. त्यांचे सल्लागार अनुभवी आहेत, पण त्यांचीही नेमणूक मंत्रालयातूनच होते.

हॅरो, हाउन्स्लो किंवा स्लाउ येथे घर शोधणारी मराठी कुटुंबे कालपर्यंत नकाशावर शाळेचा एका शब्दाचा शेरा पाहून रस्ता निवडत असत. तो शब्द आता नाही; नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी अनेक निकषांचे स्वतंत्र शेरे देणारे प्रगतिपत्रक आले आहे. शाळा पाहायला गेलेल्या पालकांना मुख्याध्यापकांपुढे आणखी एक प्रश्न ठेवता येईल, ज्यासाठी त्या पत्रकात पुरेशी जागा नाही: या वर्षी तुमचे शिक्षक शेजारच्या कोणत्या शाळेच्या वर्गात जाऊन बसले, आणि तिथले कोण तुमच्याकडे आले?