कर्म कुणाचं, पाणी कुणाच्या घरात

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात एक साखळी येते. प्राणी अन्नापासून, अन्न पावसापासून, पाऊस यज्ञापासून आणि यज्ञ कर्मापासून. माझी सगळी नोकरी मुंबईच्या पावसाळी गटारांवर आणि नाल्यांवर गेली. माणसाच्या कर्माचा पावसाशी संबंध लावणं मला तेव्हा केवळ श्रद्धेचा विषय वाटायचं. गीताकारांचा यज्ञ वेगळा, हे मला कळतं. तरीही आज तो संबंध मोजून दाखवता येतो. कोळसा जाळून आपण हवा तापवतो; ती एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि ते बाष्प उतरतं तेव्हा कमी वेळात धो-धो उतरतं. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह दाखवलं आहे.

आमच्या गुरुवारच्या गीतावर्गात एका आजींनी मला विचारलं, "ताई, सव्वीस जुलैच्या पुरात मिठी नदीकाठची माणसं गेली, ते त्यांचं प्रारब्धच ना?" त्यांच्या स्वरात कळवळा होता, दोष देणं नव्हतं. पण या प्रश्नाला होकार देणं मला पाप वाटतं, आणि का वाटतं ते इथे मांडते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला पडला ७३. ढगाने सांताक्रूझ का निवडलं, याला दैव म्हणायला माझी हरकत नाही. त्या एका दिवसाचा सगळा दोष तापलेल्या हवेवर टाकणंही बरोबर नाही. पण पाणी जमिनीला टेकल्यावरचा हिशेब माणसांचा आहे. जुने नाले तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेले, तेही समुद्राला ओहोटी असेल आणि निम्मं पाणी मातीत मुरेल असं धरून. त्या दुपारी भरती होती ४.४८ मीटरची. भरतीला समुद्र नाल्यांच्या तोंडांपेक्षा वर असतो, त्यामुळे बाहेर जायचं पाणी उलटं आत ढकललं जातं. मुरायला माती कुठे राहिली होती? मिठीला विमानतळाच्या धावपट्टीपाशी काटकोनात वळवलेलं, खाली तिच्या खाडीतली खारफुटी भराव टाकून बुजवलेली. तासाला ५० मिलिमीटर धरा आणि काहीच मुरत नाही असं समजून नाले वाढवा, हे मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरच्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने १९९३ मध्येच सांगितलं होतं. कामाला खरा वेग आला तो पुरानंतर.

आता कर्मसिद्धान्ताकडे येते. त्याचा सगळा न्याय एका गोष्टीवर उभा आहे: जो करतो तोच भोगतो. इथे ती गोष्टच उरत नाही. कोळसा जाळून श्रीमंत झालेले देश वेगळे, खाडीत भराव टाकून इमले चढवणारे वेगळे, आणि जिच्या पिंपातले तांदूळ गटाराच्या पाण्यात भिजले ती मिठीकाठच्या क्रांतीनगर वस्तीतली बाई वेगळी. तिने विमानात कधी पाऊल ठेवलेलं नसतं. विमानं तिच्या पत्र्यावरून जातात. तिच्या भोगाला प्रारब्ध म्हणणं म्हणजे दुसऱ्याचं कर्ज तिच्या नावावर चढवणं. काही विद्वान यावर 'सामूहिक कर्म' असा तोडगा काढतात. मला तोही पटत नाही, कारण समूह म्हटलं की सगळ्यांचा वाटा सारखा होतो आणि ज्याचा वाटा मोठा तो त्या आड लपतो.

याचं उत्तर त्या तिसऱ्या अध्यायातच आहे, आणि आपण ते घाईने वाचून पुढे जातो. देवांनी दिलेलं भोगून जो त्यांना काही परत करत नाही, त्याला तिथे सरळ चोर म्हटलं आहे. दोष ठेवला आहे तो घेणाऱ्यावर; सोसणाऱ्याबद्दल तिथे अवाक्षर नाही. आजींना मी एवढंच म्हणाले, "आजी, प्रारब्ध शोधायचंच असेल तर ते मिठीकाठी शोधू नका. परत न करणाऱ्यांच्या दारात शोधा." त्या दारांमध्ये आपलंही दार आहे, हेही मी सांगितलं.

परत करणं म्हणजे काय, हे माझ्या धंद्यात फार रोकडं असतं. ५० मिलिमीटरचा नालाही आता पुरत नाही, कारण तासाला त्याहून जास्त पाऊस पडतो आणि समुद्रही चढतो आहे. नाले अजून रुंद करायला जागा नाही. म्हणून पंप बसवावे लागतात, हिंदमाता या सखल भागातलं पाणी भरती उतरेपर्यंत धरून ठेवायला जमिनीखाली टाक्या बांधाव्या लागल्या. आणि मातीला तिचं पाणी परत द्यावं लागतं. आमच्या विठ्ठलमंदिराचं आवार भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशीबंद आहे. ती फरशी काढा, असं मी विश्वस्तांना सुचवलं. "अहो ताई, भाविकांचे पाय चिखलात भरतील," हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मग कडेने दोन हात रुंद पट्टी मोकळी करायची, खाली खडी, वर वाळू आणि दूर्वा, असं ठरलं. तुळशीवृंदावनाभोवतीची फरशी निघाली आहे. सभामंडपासमोरच्या भागावर अजून एकमत नाही. पुढच्या बैठकीला मी आवाराच्या उताराचा नकाशा घेऊन जाणार आहे.