दाढेची कल्हई

गेल्या वर्षी माझ्या खालच्या डाव्या दाढेच्या जागी स्क्रूचा दात बसला. डॉक्टरांच्या टेबलावर मुदत संपलेला एक नमुना पडला होता. तो मागून घेतला आणि भोसरीला मित्राच्या वर्कशॉपमध्ये गेलो. चाकणच्या गाड्यांचे बारके जॉब तपासायला त्याच्याकडे प्रोफाइल प्रोजेक्टर आहे. चार मिलिमीटर जाड आणि दहा लांब असा तो तुकडा त्यानं काचेवर ठेवला. पडद्यावर आट्यांची काळी सावली उमटली, एखाद्या गडाच्या चऱ्यांसारखी. मित्रानं चष्मा कपाळावर सरकवून एकेक आटा पाहिला. कुठं बर, म्हणजे कापताना उरणारी धातूची धार, राहिलेली नव्हती. मग त्यानं तुकडा हातात घेऊन नखानं खरवडला आणि तोंड वाकडं केलं. "आटे एक नंबर आहेत राव, पण फिनिश बघ. असा खरबरीत जॉब मी पाठवला, तर दुपारी टेम्पो परत येईल."

तो खरबरीतपणा मुद्दाम आणलेला असतो, हे त्याला पटवायला दोन चहा लागले. वाळूचा मारा करून, मग आम्लात बुडवून पृष्ठभाग उखडतात, कारण गुळगुळीत धातूपेक्षा अशा धातूला हाड घट्ट धरतं. मुळात हाड टायटॅनियमला धरतं, हे कळलं तेच अपघातानं. 1952 साली स्वीडनमधल्या लुंड इथं पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायात टायटॅनियमची नळी बसवून रक्ताभिसरण पाहत होते. काम झाल्यावर महागडी नळी परत काढायला गेले, तर ती निघेना. हाडानं ती आपलीशी केली होती. 1965 मध्ये त्यांनी गोस्ता लार्सन नावाच्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले आणि स्क्रूच्या दातांचं युग सुरू झालं.

टायटॅनियमची सगळी पुण्याई त्याच्या अंगावरच्या पापुद्र्यात आहे. हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा थर चढतो. जाडी अवघी काही नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. ओरखडा पडला तरी तो थर तिथल्या तिथे पुन्हा धरतो. खाली धातू, वर त्याला झाकणारी कातडी, म्हणजे ही कल्हईच झाली. फक्त कल्हईवाल्याला हाक मारावी लागत नाही. या थरामुळे टायटॅनियम लाळेत, रक्तात जवळजवळ विरघळत नाही आणि हाडाला परकं वाटत नाही.

पण जे हाडाला परकं वाटत नाही, ते जंतूंनाही वाटत नाही. अमेरिकी शल्यविशारद अँथनी ग्रिस्टिना यांनी 1987 मध्ये याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटलं. नवा धातू शरीरात गेला की शरीराच्या पेशी आणि जंतू दोघेही त्यावर बसायला धावतात. जो आधी पोचेल त्याची जागा. त्यात तोंडात एक कच्चा दुवा आहे. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे घुसून त्याला आवळून धरतात. स्क्रूभोवती ते नुसते लपेटलेले असतात, आत शिरलेले नसतात. त्या फटीत बुळबुळीत थर साचतो, त्याचं कीटण होतं, हिरडी सुजते आणि खालचं हाड झिजू लागतं. जंतू एकदा त्या थराखाली दडले की गोळ्यांना फारशी दाद देत नाहीत.

म्हणून धातूलाच जंतू मारायला शिकवायचं, अशी कल्पना निघाली. टायटॅनियममध्ये साधारण पाच टक्के तांबं मिसळलं की जंतू टिकाव धरत नाहीत, असं प्रयोगशाळांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. चांदीचेही प्रयोग चालू आहेत. तांबं नुसत्या स्पर्शानं मारतं की थोडंथोडं सुटून, यावर संशोधकांत वाद आहे. पण सुटणं त्यात आहेच. आणि इथं माझी गाडी अडते. टायटॅनियम तोंडात चालतं ते न विरघळण्याच्या गुणावर. तांब्याचं काम चालतं विरघळण्याच्या गुणावर. कल्हई शाबूत हवी आणि गळायलाही हवी.

आमच्या आजीला हा पेच ठाऊक होता. तिचा पाण्याचा हंडा तांब्याचा आणि आतून उघडा असे. ताकाचं पातेलं मात्र कल्हई केलेलं. वर्षातून एकदा कल्हईवाला दारात भट्टी मांडायचा, नवसागराचा पांढरा धूर नाकात जायचा आणि कथलाच्या एका फटकाऱ्यानं पितळेचं पोट चांदीसारखं व्हायचं. कल्हई उडाली की ताक कळकतं. 'कळकणं' हे क्रियापद ज्या भाषेत आहे, तिला धातू अन्नात उतरतो हे प्रयोगशाळेनं सांगायची गरज नव्हती. तांब्याच्या पाण्यात शेवाळ मरतं हे कार्ल फोन नेगेली यांचं निरीक्षण 1893 मध्ये छापून आलं. त्यांनी त्याला ग्रीक वळणाचं भारदस्त नाव दिलं. आजीनं फक्त हंडा वेगळा आणि पातेलं वेगळं ठेवलं होतं.

तरीही आपण गाफील राहिलोच. ताकाची काळजी घेतली, दुधाची घेतली नाही. दूध आंबट नसतं, त्यामुळे चवीला काही कळत नाही. पण दुधातलं प्रथिन तांब्याला धरून ठेवतं. दोन-तीन वर्षांच्या आतली मुलं यकृत दगडासारखं होऊन दगावत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर या मुलांचा शोध घेतला. यकृतात तांबं साचलेलं होतं. घरी चौकशी केली तेव्हा बाळांना फार लवकर वरचं दूध सुरू झालेलं, आणि ते पितळेच्या भांड्यात तापवलेलं किंवा ठेवलेलं निघालं. 1983 मध्ये त्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला, तोही 'संभाव्य कारण' असा शब्द जपून. भांडी बदलली, स्टील आलं, आणि हा आजार आता क्वचितच दिसतो.

या मुलांवर जे औषध वापरून पाहिलं, त्याचं नाव पेनिसिलामाइन. ते तांब्याला पकडून लघवीवाटे बाहेर काढतं. जॉन वॉल्श या ब्रिटिश डॉक्टरांनी 1956 मध्ये ते तांबं साचण्याच्या दुसऱ्या एका आजारावर वापरलं होतं. पुण्यात लवकर हाती लागलेल्या काही मुलांना त्याचा गुण आला. हे पेनिसिलामाइन मुळात पेनिसिलिन मोडल्यावर निघणारा तुकडा. पिंपरीकरांनी इथं थोडं थांबावं. आपल्या एचएमध्ये, म्हणजे 1954 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं देशातलं पेनिसिलिन बनू लागलं. आता त्या कारखान्याची ती रया राहिली नाही. नव्या पिढीला एचए म्हणजे कॉलनी आणि मैदान.

पेनिसिलिनचा धडा मात्र शिळा झालेला नाही. फ्लेमिंगनी 1945 च्या नोबेल भाषणातच बजावलं होतं की औषध अपुरं दिलं तर जंतू मरत नाहीत, शहाणे होतात. गळत्या धातूचं नेमकं तेच होतं: पहिले काही आठवडे भरपूर सुटतो, मग कमी, मग नावापुरता. आणि जंतू धातूलाही पचवायला शिकतात. 1970 च्या दशकात बोस्टनच्या एका रुग्णालयात भाजलेल्या रुग्णांना चांदीच्या क्षाराचं औषध लावत. तिथं चांदीला न जुमानणारे जंतू निघाले. आपल्या काळात बदनाम झालेलं एनडीएम-1 हे प्रतिजैविकं तोडणारं विकर तर स्वतःच्या पोटात जस्त बाळगूनच काम करतं. धातू आपला एकट्याचा नाही.

मी या मिश्रधातूंच्या विरोधात नाही. सुरुवातीच्या शर्यतीत हाडाला चार पावलं पुढे मिळणार असतील, तर तेवढ्यापुरतं तांबं सुटावं आणि मग कल्हई बंद व्हावी, असं काही साधलं तर उत्तमच. पण 'जंतुनाशक' हा शिक्का बघून कोणी भुलू नये. किती सुटतं, किती वर्षं, आणि शेवटी कुठं साचतं, हे तीन आकडे आधी मागावेत. भोसरीतला माझा मित्र मायक्रॉनचा हिशेब दिल्याशिवाय जॉब हातावेगळा करत नाही. धातू तोंडात घालणाऱ्यांनी त्याच्यापेक्षा कमी का द्यावा?

तोवर माझ्या दाढेत साधं टायटॅनियम आहे आणि रात्री बारीक ब्रश. गोस्ता लार्सन यांच्याही स्क्रूत ना तांबं होतं ना चांदी. ते 2006 मध्ये वारले, तेव्हा दात जागेवरच होते.